हलक्या बुटांचा जड हिशेब

जानेवारीतल्या एका रविवारी, अजून उजाडायचे असताना, मुंबईतील छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचा परिसर माणसांनी फुलून जातो. कोणी बँकेतला अधिकारी असतो, कोणी शिक्षिका, कोणी दुकानदार, तर कोणी नुकताच निवृत्त झालेला अभियंता. 2004 मध्ये मुंबई मॅरेथॉन सुरू झाली. पाठोपाठ 2005 मध्ये दिल्लीची अर्धमॅरेथॉन, 2008 मध्ये बंगळुरूची दहा किलोमीटरची शर्यत आणि 2014 मध्ये कोलकात्याची पंचवीस किलोमीटरची शर्यत आली. पाहता पाहता देशभर हौशी धावपटूंचा एक मोठा वर्ग उभा राहिला. यांतील फारच थोड्यांना बक्षिसाची आशा असते. बाकीच्यांची स्पर्धा घड्याळाशी आणि गेल्या वर्षीच्या स्वतःशी असते.

पूर्वी या गर्दीतल्या गप्पा गुडघे, हवामान आणि शर्यतीआधीचे जेवण यांभोवती फिरत. अलीकडे त्यांत बुटांच्या वजनाची भर पडली आहे. आपल्या बुटाचे वजन किती ग्रॅम, त्याच्या तळात कोणता फोम आहे, त्यात कार्बनची पट्टी आहे की नाही, हे सांगणारी मंडळी आता जागोजागी भेटतात. जगज्जेत्या धावपटूंच्या पायांत दिसणारे हे हलके शर्यतीचे बूट चार, साडेचार किंवा पाच तासांत मॅरेथॉन पूर्ण करणाऱ्या सामान्य माणसाला खरोखरच उपयोगी पडतात काय, हा प्रश्न म्हणूनच विचारण्याजोगा झाला आहे. या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे की, उपयोग होतो, परंतु तो जाहिरातीतून वाटतो त्याहून बराच कमी असतो, आणि त्याची किंमत केवळ रुपयांत मोजून भागत नाही.

शंभर ग्रॅमचे मोल

आधी हलक्या बुटांची बाजू मांडली पाहिजे, कारण ती पोकळ नाही. धावताना पाय प्रत्येक पावलागणिक मागून पुढे झोकावा लागतो, क्षणभर थांबवावा लागतो आणि पुन्हा झोकावा लागतो. कमरेपासून जितके दूर वजन असेल, तितके ते हलवणे महाग पडते. शरीरक्रियाशास्त्रातील अनेक प्रयोगांतून एक ढोबळ नियम हाती आला आहे. प्रत्येक बुटाचे वजन शंभर ग्रॅमने वाढले की धावण्यासाठी लागणारा प्राणवायू सुमारे एक टक्क्याने वाढतो. सत्तर किलो वजनाच्या माणसाच्या दृष्टीने शंभर ग्रॅम म्हणजे शरीराच्या वजनाचा एक सप्तमांश टक्का. तेवढ्याशा वजनाने एक टक्का खर्च वाढावा, यावरूनच पायातल्या वजनाचे मोल ध्यानी येते.

हा परिणाम घड्याळातही उमटतो. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाच्या एका अभ्यासात अठरा धावपटूंच्या बुटांत त्यांच्या नकळत वजन दडवून त्यांना तीन हजार मीटर धावण्यास सांगितले गेले. प्रत्येक बुटात शंभर ग्रॅम वाढले, तेव्हा त्यांचा वेळ सुमारे 0.8 टक्क्याने वाढला. धावपटूंना वजनाची कल्पना नव्हती, त्यामुळे मनाचे खेळ म्हणून हा फरक बाजूला सारता येत नाही.

आता हेच प्रमाण साडेचार तासांच्या, म्हणजे 270 मिनिटांच्या मॅरेथॉनला ढोबळपणे लावून पाहावे. शंभर ग्रॅमने हलका बूट सुमारे दोन मिनिटे वाचवील. रोजच्या सरावाचा बूट आणि शर्यतीचा बूट यांच्या वजनातील प्रत्यक्ष फरक पुष्कळदा शंभर ग्रॅमहूनही कमी असतो. थोडक्यात, केवळ वजन कमी केल्याने मिळणारा लाभ दोन मिनिटांच्या आतबाहेर राहतो.

हलकेपणाची मर्यादा

वजन हाच एकमेव शत्रू असता, तर सर्वांत वेगवान धावपटू अनवाणीच धावले असते. तसे घडलेही आहे. 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये इथिओपियाच्या अबेबे बिकिला यांनी अनवाणी धावत 2 तास 15 मिनिटे 16 सेकंदांत मॅरेथॉन जिंकली. ही कथा सर्वांना ठाऊक असते. तिचा उत्तरार्ध मात्र कमी सांगितला जातो. चार वर्षांनी टोकियोत हेच बिकिला बूट घालून धावले आणि 2 तास 12 मिनिटे 11 सेकंदांत पुन्हा सुवर्णपदकाचे मानकरी ठरले. भारतातही अनवाणी धावण्यासाठी ओळखले गेलेले शिवनाथ सिंह यांनी 1978 मध्ये जालंधर येथे 2 तास 12 मिनिटांचा जो राष्ट्रीय विक्रम केला, तो चार दशकांहून अधिक काळ अबाधित राहिला. या दोघांच्या यशाचे श्रेय पायांत काही नसण्याला देणे म्हणजे त्यांच्या वर्षानुवर्षांच्या मेहनतीवर अन्याय करणे होय.

कोलोरॅडो विद्यापीठातच 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणखी एका प्रयोगाने या कथेला शास्त्रीय जोड दिली. अनवाणी धावणे आणि हलके बूट घालून धावणे यांची तुलना केली असता, अनवाणी धावण्याने ऊर्जेची बचत होत नाही, असे दिसले. बुटाचे वजन वाचते खरे, परंतु जमिनीचा आघात सोसण्याचे जे काम बुटाचा मऊ तळ करतो, ते मग पायाच्या स्नायूंना करावे लागते. एका खात्यात वाचलेली रक्कम दुसऱ्या खात्यातून वजा होते.

2017 मध्ये बाजारात आलेल्या जाड तळाच्या बुटांनी तर वजनाची चर्चाच बदलून टाकली. नाइके कंपनीच्या त्या बुटात लवचीक फोमचा जाड थर आणि त्यात कार्बन तंतूंची पट्टी होती. कंपनीच्याच अर्थसाहाय्याने झालेल्या अभ्यासात अठरा निष्णात धावपटूंची ऊर्जा जुन्या शर्यतीच्या बुटांच्या तुलनेत सरासरी चार टक्क्यांनी वाचली. विशेष म्हणजे, या तुलनेत शिशाचे दाणे लावून सर्व बुटांचे वजन सारखे करण्यात आले होते. म्हणजे हा लाभ हलकेपणाचा नव्हता, तो प्रामुख्याने तळाच्या रचनेचा होता. पुढे वाद इतका वाढला की जागतिक अॅथलेटिक्स संघटनेला 2020 मध्ये रस्त्यावरील शर्यतींसाठी तळाची जाडी जास्तीत जास्त 40 मिलिमीटर आणि पट्टी एकच, असा नियम करावा लागला.

प्रयोगशाळेतला वेग आणि रस्त्यावरचा वेग

चार टक्के हा आकडा ऐकून हौशी धावपटूचे मन हरखून जाते. 270 मिनिटांचे चार टक्के म्हणजे जवळपास अकरा मिनिटे! परंतु ज्या वेगांवर हा आकडा मिळाला ते ताशी 14, 16 आणि 18 किलोमीटर होते. ताशी 14 किलोमीटर वेगाने मॅरेथॉन तीन तासांच्या आसपास पूर्ण होते आणि ताशी 18 किलोमीटर वेगाने दोन तास एकवीस मिनिटांत. साडेचार तास घेणारा धावपटू ताशी साडेनऊ किलोमीटरच्याही आत असतो. त्याच्या वेगाला काय घडते, हा प्रश्न त्या अभ्यासाने विचारलाच नव्हता.

तो प्रश्न 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासाने विचारला. त्यात सोळा धावपटूंना त्याच जातकुळीचे बूट घालून ताशी 12 आणि 10 किलोमीटर वेगाने धावण्यास सांगितले गेले. सरासरी बचत अनुक्रमे 1.4 आणि 0.9 टक्के भरली. वेग उतरत गेला तसा लाभही उतरत गेला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे व्यक्तीव्यक्तींतील तफावत मोठी होती. काहींना चांगला फायदा झाला, तर काहींची ऊर्जा उलट अधिक खर्च झाली. सरासरी ही अनेकांची असते आणि पाय एकट्याचे असतात, ही गोष्ट बूट विकणारा सांगत नाही आणि विकत घेणारा विचारत नाही.

या एका टक्क्याची तुलना धावपटूच्या हातात असलेल्या इतर गोष्टींशी केल्यास चित्र अधिक स्पष्ट होते. शर्यतीचा मार्ग मोजताना शक्य तितकी जवळची रेषा धरली जाते. गर्दीतून डावीकडे-उजवीकडे वाट काढणारा आणि प्रत्येक वळण बाहेरून घेणारा धावपटू सहज चारशे-पाचशे मीटर जास्त धावतो. साडेचार तासांच्या गतीने पाचशे मीटर म्हणजे तीन मिनिटांहून अधिक. बुटाने मिळवलेले सारे, आणि वर थोडे अधिक, येथेच खर्ची पडते. अठ्ठ्याहत्तर किलो वजनाच्या माणसाने काही महिन्यांच्या संयमाने दोन किलो वजन उतरवले, तर प्रत्येक किलोमीटरला वाहून न्यावयाचा भार अडीच टक्क्यांनी कमी होतो. आणि पहिल्या दहा किलोमीटरमध्ये उत्साहाच्या भरात मिळवलेली तीन मिनिटे शेवटच्या दहा किलोमीटरमध्ये पंधरा-वीस मिनिटांनी परत करावी लागतात, हा तर मुंबईच्या दमट हवेत धावलेल्या बहुतेकांचा अनुभव आहे. सावकारी व्याजाचा दरही याहून सौम्य असावा.

शरीराने फेडायचे कर्ज

लाभ लहान असला तरी तो फुकट असता, तर त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नव्हते. परंतु हलक्या बुटांच्या खात्यात नावे पडणाऱ्या रकमाही आहेत.

पातळ तळाच्या, टाच सखल असलेल्या जुन्या पद्धतीच्या शर्यतीच्या बुटांत पोटऱ्या आणि टाचेमागील कंडरा यांवर अधिक ताण येतो. ज्याने आयुष्यभर उंच टाचेचे, भरभक्कम बूट वापरले आहेत, त्याने एका रविवारी अचानक पातळ तळावर तीस किलोमीटर धावणे म्हणजे दुखण्याला आमंत्रण. 2010 च्या सुमारास अनवाणी धावण्याची लाट आली होती. त्या वेळी पायाच्या बोटांच्या आकाराचे अगदी पातळ बूट पुष्कळ खपले. पुढे 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की, दहा आठवड्यांत अशा बुटांकडे वळलेल्या एकोणीस धावपटूंपैकी दहा जणांच्या पावलाच्या हाडांत ताणाच्या खुणा वाढल्या होत्या. वजनदार धावपटूंना अशा पातळ बुटांत दुखापतीचा धोका अधिक असतो, हेही ऑस्ट्रेलियातील अभ्यासकांनी 2017 मध्ये दाखवून दिले. हौशी धावपटूंमध्ये वजनदार माणसे अधिक असतात, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

जाड फोमच्या आधुनिक बुटांची गोष्ट निराळी आहे, पण निर्धोक नाही. कार्बन पट्टी पावलाचे वाकणे कमी करते आणि भार नव्या जागी नेते. पावलाच्या मध्यभागी असलेल्या नौकास्थीला अशा बुटांच्या वापरानंतर इजा झालेल्या पाच खेळाडूंची नोंद क्रीडावैद्यकाच्या नियतकालिकात 2023 मध्ये प्रसिद्ध झाली. पाच हा आकडा लहान आहे. त्यावरून सर्वांना दोषी ठरवता येणार नाही. परंतु सावधगिरीचा इशारा म्हणून तो पुरेसा आहे. शिवाय उंच आणि मऊ तळ अस्थिर असतो. पस्तिसाव्या किलोमीटरला थकलेला धावपटू पाय ओढत धावू लागतो, तेव्हा खड्डे, पेव्हर ब्लॉक आणि पाण्याच्या केंद्रापाशी सांडलेले पाणी यांवर हाच तळ दगा देऊ शकतो. पाच तासांच्या धावण्यात पाय सुजतात. वेगवान धावपटूंसाठी अरुंद बेतलेल्या बुटात मग नखे काळी पडतात आणि फोड येतात.

दुखापतीची किंमत कशी मोजायची? तीन मिनिटे वाचवण्याच्या नादात तीन महिने धावणे थांबले, तर हा व्यवहार कोणत्याही खतावणीत तोट्याचाच ठरेल. हौशी धावपटूची खरी संपत्ती त्याचे घड्याळातले आकडे नव्हेत. रोज पहाटे उठून धावण्याची जी सवय त्याने कष्टाने लावून घेतली, ज्या सवयीने रक्तदाब आणि साखर आटोक्यात ठेवली, ती त्याची मुद्दल आहे. व्याजाच्या लोभाने मुद्दल धोक्यात घालू नये, हे बँकेच्या ग्राहकांना तरी सांगावे लागू नये.

रुपये आणि किलोमीटर

आता पैशांचा हिशेब. सरावाचा चांगला बूट सहा हजार रुपयांना घेतला आणि तो सहाशे किलोमीटर चालला, असे धरले तर दर किलोमीटरला दहा रुपये पडतात. कार्बन पट्टीचा शर्यतीचा बूट वीस हजारांना घेतला आणि त्याचा नाजूक फोम अडीचशे किलोमीटरमध्ये थकला, असे मानले तर दर किलोमीटरला ऐंशी रुपये होतात. टोकाचे उदाहरण 2023 चे आहे. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये बर्लिन येथे इथिओपियाच्या टिग्स्ट असेफा यांनी 2 तास 11 मिनिटे 53 सेकंदांचा तेव्हाचा विश्वविक्रम केला. त्यांच्या पायांतील आदिदासच्या बुटाचे वजन अवघे 138 ग्रॅम आणि किंमत पाचशे डॉलर होती. एक मॅरेथॉन आणि त्याआधीचा थोडा सराव एवढेच या बुटाचे आयुष्य, असे खुद्द कंपनीनेच सांगितले होते. विश्वविक्रमासाठी असा सौदा समजू शकतो. पाच तासांत अंतिम रेषा ओलांडणाऱ्याने तो करावा की नाही, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

यावर उत्तर तयार असते. पैसे स्वतःचे, हौसही स्वतःची; इतरांनी का बोलावे? ही हरकत रास्त आहे. छंदाला हिशेबाची काठी लावली तर जगातले निम्मे आनंद बंद पडतील. नव्या बुटाने पाऊल हलके वाटत असेल, सरावाला जाण्याची ओढ वाढत असेल, तर तोही एक लाभच आहे. जाड फोमच्या बुटांमुळे लांबच्या धावेनंतर पाय कमी दुखतात, असेही अनेक धावपटू सांगतात. ज्यांनी चार-पाच वर्षे सातत्याने सराव केला आहे, ज्यांचा वेग ताशी बारा किलोमीटरच्या पुढे गेला आहे, आणि ज्यांचे ठरवलेले लक्ष्य दोन-तीन मिनिटांनी हुकते आहे, त्यांनी असे बूट अवश्य घ्यावेत. मात्र ते आधी दोन-चार लहान धावांत वापरून पाहावेत, रोजच्या सरावाला वेगळा भक्कम जोड ठेवावा आणि शर्यतीच्या दिवशी नवी पेटी उघडू नये. नवा बूट कुठे चावतो, हे विसाव्या किलोमीटरला कळून उपयोग नसतो.

आक्षेप आहे तो क्रमाविषयी. सहा महिन्यांपूर्वी धावू लागलेला माणूस पहिल्या मॅरेथॉनसाठी सर्वांत आधी वीस हजारांचा जोड घेतो, आणि सराव, झोप, आहार, स्नायूंचा व्यायाम यांचा विचार नंतर करतो, तेव्हा शिखर आधी आणि पाया नंतर अशी गत होते. मग अपयश आले की नाचता येईना अंगण वाकडे या न्यायाने दोष बुटालाच दिला जातो आणि पुढचा, आणखी हलका जोड घेतला जातो.

ज्यांच्या पायांना गरज आहे

या साऱ्या चर्चेत एक विसंगती मनाला टोचणारी आहे. शास्त्र सांगते की वेग जितका अधिक, तितका या बुटांचा लाभ अधिक. म्हणजे ज्यांना यांचा खरा उपयोग, ते बहुधा आलिशान संकुलांत राहणारे हौशी धावपटू नसतात. साताऱ्याच्या ललिता बाबर यांनी मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत सलग तीन वर्षे पहिला क्रमांक मिळवला आणि 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठली. बीड जिल्ह्यातील मांडव्याच्या अविनाश साबळे यांनी 2020 मध्ये दिल्लीत अर्धमॅरेथॉन 1 तास 30 सेकंदांत पूर्ण करून राष्ट्रीय विक्रम केला. अशी माणसे ज्या मातीतून येतात, तेथे आजही अनेक मुले-मुली पहाटे डांबरी रस्त्याच्या कडेने झिजलेल्या कॅनव्हासच्या बुटांत किंवा अनवाणी धावत असतात. कोणी पोलीस भरतीची तयारी करतो, कोणी सैन्यभरतीची, कोणी गावोगावच्या शर्यतींतील रोख बक्षिसावर घरखर्चाला हातभार लावतो. त्यांच्या बाबतीत एक टक्का म्हणजे दोन-तीन सेकंद असतील, पण त्या दोन-तीन सेकंदांवर कधी कधी नोकरी ठरते.

त्यांनाही सर्वप्रथम कार्बनची पट्टी नको आहे. मापाचा, आघात सोसणारा, वर्षभर टिकणारा एक साधा जोड हवा आहे. हौशी धावपटूंचे संघ आणि शर्यतींना पैसा पुरवणाऱ्या कंपन्या यांनी मनावर घेतले, तर वीस हजारांच्या एका जोडाच्या किमतीत अशा तिघांचे पाय सावरता येतील. ज्याने यंदा नवा जोड घेण्याचे एक वर्ष पुढे ढकलले आणि त्या पैशांतून तालुक्याच्या क्रीडांगणावरील एखाद्या मुलीला बूट घेऊन दिले, त्याची शर्यत कदाचित तीन मिनिटे उशिरा संपेल. त्याने गमावलेल्या मिनिटांचा विनियोग मात्र उत्तम झालेला असेल.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, असे घरातील वडीलधारी सांगत आली आहेत. धावणाऱ्यांनी त्यात एवढीच भर घालावी, की पाय पाहून बूट निवडावेत. बूट हलका असावा, यात गैर काही नाही. परंतु पहाटे पाच वाजता अंथरुणातून उठण्यासाठी लागणारा निर्धार कोणत्याही दुकानात मिळत नाही, आणि मॅरेथॉनचे बेचाळीस किलोमीटर शेवटी त्याच्याच बळावर पार होतात.